न कळवलेलं सुतक

बोटांना आधी कळलं. चष्मा ओट्यावर राहिला होता आणि मनकर्णा स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवर हात फिरवत होती. सकाळचं दूध उतू जाऊन अर्धंच उरलं होतं, त्याला विरजण लावायला लहानसं भांडं हवं होतं. स्टुलावर चढायची तिला बंदी होती. ऑगस्टमध्ये हृदयात स्प्रिंग टाकल्यापासून तिला बऱ्याच गोष्टींची बंदी होती. पण आता घरात कोणी नव्हतं. मुलगा दुर्गेश ऑफिसला, सून सोनिका खुशीच्या शाळेत पालकसभेला. तांदळाच्या डब्यामागे हात एका कापडी पिशवीला लागला, पिशवीत गंजुली, छोटं पातेलं. नवी कोरी, स्टीलची, लिटरभर दूध मावेल एवढी. इतकी चांगली गंजुली हिने इथे काहून कोंबून ठेवली, असं मनाशी म्हणत तिने ती बाहेर ओढली आणि काठाखाली अंगठ्याला ठिपके लागले. भांड्यावर नाव टाकणारा टाकतो तसे, टोचून टोचून. ती खाली उतरली. चष्मा लावला. कै. सौ. इंदुताई महादेवराव गिरडकर यांच्या स्मरणार्थ. दिनांक २ नोव्हेंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरात आज अठरा तारीख होती.

ती खुर्चीवर बसली आणि वाट पाहू लागली. हृदय फुटायची. याच हृदयासाठी तर सगळं चाललं होतं ना! न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, खाली रबराची चटई टाकली, गोळ्यांना सात खणांची डबी आणली, सकाळी बी.पी., संध्याकाळी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन. आईला टेन्शन द्यायचं नाही, बस, असं डॉक्टर दुर्गेशला म्हणाला होता, तिच्यासमोरच, ती बाजूच्या खुर्चीवर बसलेली असताना, जणू ती त्याने सोबत आणलेली एखादी पिशवी होती. आता बघू, ती मनात म्हणाली, आता फुटतं का. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. हृदय आपलं चालू होतं, शेजारच्या वॉशिंग मशीनसारखं. फुटलं काहीच नाही. उलट पोटातून काहीतरी गरम वर चढत आलं, कानापर्यंत, आणि तिला कळलं की हे दुःख नाही. दुःखाला अजून यायला वेळ आहे. हा राग आहे.

तसा राग तिला तेवीस दिवसांपासून होता, पण तो इंदूवर होता. इंदू तिची थोरली जाऊ. लकडगंजच्या घरात दोघींनी एकोणीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, मग नवऱ्याने, आनंदरावांनी, त्रिमूर्तीनगरात हा फ्लॅट घेतला. तेव्हापासून रोज दुपारी तीनला फोन. आनंदराव गेले त्याला नऊ वर्षं झाली, फक्त त्या दिवशी तीनला इंदूने फोन नाही केला. ती स्वतः येऊन बाजूला बसली होती आणि तीन वाजल्यावर एवढंच म्हणाली होती, ‘काय करून राहिली वं मने?’ रोज पहिलं वाक्य तेच. मग कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून कशी बोलली, आरा मशीनवाल्याने पुन्हा भिंतीला लाकडं टेकवली. काही महत्त्वाचं नाही. त्या फोनात महत्त्वाचं असं कधी काही नव्हतंच, आणि दिवस मात्र त्याच्यावर उभा होता. दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला नाही. हिने लावला तर बंद. दुर्गेश म्हणाला, काकूचा फोन पाण्यात पडला. दोन दिवसांनी म्हणाला, काकू प्रीतीकडे गेली पुण्याले, महिनाभर राहणार हाये म्हणे. मनकर्णा मनात रोज तीन वाजता इंदूशी भांडली. पुण्याले गेली अन् सांगितलं नाही. पोरीच्या फोनवरून दोन मिनिटं बोलता येत नव्हतं? मोठी आली पुणेकरीण. आता येऊ दे तुझा फोन, मी उचलणारच नाही, तीन दिवस उचलणार नाही, मग समजन. टोमणे जुळवून ठेवले होते तिने, एकावर एक, घडी घातलेल्या लुगड्यांसारखे. ते सगळे तिने एका मेलेल्या बाईसाठी जुळवले होते.

दोन तारीख. तो रविवार होता. दुपारी दुर्गेश बाहेरून आला आणि सरळ न्हाणीघरात शिरला, डोक्यावरून अंघोळ करून निघाला. नोव्हेंबरात, भर दुपारी. तिने विचारलं होतं, आता कायची अंघोळ? तर म्हणाला, गाडी धुतली ना, चिखल उडाला. काकूला पोचवून आला होता तो. मोक्षधामावरून. केसातून पाणी गळत होतं आणि तो तिच्यासमोर बसून वरणभात जेवला होता, तिनेच वाढला होता, वर तूप घातलं होतं. आणि सोनिका! सोनिका त्या दिवसापासून देवाजवळ गेली नाही. अडचण आहे म्हणाली. आता गेल्याच पंधरवड्यात अडचण झाली होती हिची, पुन्हा कशी, असं मनकर्णाच्या मनात आलं होतं, आणि मग दुसराच एक विचार, आणि त्या विचाराने ती तीन दिवस गुपचूप खूश होती. सुनेला गरम पोळी वाढायची, जड बादली उचलू द्यायची नाही. दुसरं नातवंड! पोरगी बिचारी सुतक पाळत होती. चोरून. आणि सख्ख्या जावेचं सुतक असताना मनकर्णा रोज देवाला आंघोळ घालत होती, दिवा लावत होती, पौर्णिमेला बाल्कनीत तिने तुळशीचं लग्न लावलं, उसाचा मांडव करून, चिंचा-आवळे ठेवून, मंगलाष्टकं म्हणून. शेजारच्या बायकांना बोलावून चुरमुरे वाटले. दुर्गेश हातात अंतरपाट धरून उभा होता. उभा राहिला तो! काकूच्या चौथ्या दिवशी अंतरपाट धरून, आईकडे बघून हसत. तेव्हा तिला वाटलं होतं, पोराला आपल्या हौशीची किती कदर आहे.

गंजुली तिने उलटीपालटी करून पाहिली. अक्षरांत कुठे चूक नव्हती. सासूबाईंच्या तेरवीला वाटायची एकशेएक भांडी घ्यायला त्या दोघीच इतवारीत गेल्या होत्या, चाळीस वर्षं झाली असतील. नाव टाकणारा म्हातारा पायाने मशीन दाबायचा, टर्र टर्र करत अक्षर उमटायचं, आणि इंदू त्याच्या डोक्यावर उभी राहून प्रत्येक भांडं तपासत होती. तेविसाव्या वाटीवर त्याने सासूबाईंच्या जागी आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव टाकलं. इंदू भर दुकानात मटकन खाली बसून हसली, सुतकातली बाई, पदर तोंडात कोंबून. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘मने, माह्या वेळी तू ये वं तपासाले. नाही तर हा माणूस मले दुसऱ्याच कोणाच्या नावानं मारन.’ मनकर्णा म्हणाली होती, येईन. आणि आता कोणी तपासलं हे? कोण उभं होतं त्या मशीनपाशी? आणि हे भांडं घरात आलं कसं, तर दुर्गेश आणि सोनिका तेरवीला जेवून आले. खुशीलाही नेलं असणार. खुशी, सहा वर्षांची, शाळेत कोणाचं खोडरबर हरवलं तरी आजीच्या कुशीत शिरून सांगणारी, तिलाही शिकवलं यांनी गप्प राहायला. म्हणून ती परवा झोपताना विचारत होती, आजी, सांगायचं नसलं तर पोटात दुखते का गं? मनकर्णाने तिच्या पोटाला हिंग लावला होता.

ती उठली. विरजण तसंच राहिलं. गंजुली पिशवीत घातली, पिशवी खांद्याला, पायांत चपला. राग आला की माणूस भांडी आपटतं, तिने काहीच आपटलं नाही, गॅसचं बटण दोनदा तपासलं, कुलूप ओढून पाहिलं. तिला एकच गोष्ट हवी होती. मेली ती मेली, मरणाचं वय होतं दोघींचं. पण एका दिवसात नाही मेली इंदू. फोन बंद झाला सव्वीस तारखेला आणि दिनांक आहे दोन. मधले सात दिवस ती कुठेतरी पडून होती, आणि त्या सात दिवसांत रोज तीन वाजले. तिने विचारलं असणार, मनी कुठे हाये. तिला काय सांगितलं? तेवढं ऐकायचं होतं.

सुभाषनगरच्या मेट्रो स्टेशनावर तिने आयुष्यात पहिल्यांदा एकटीने तिकीट काढलं. खिडकीतल्या मुलीने विचारलं, ‘सोबत कोणी नाही का मावशी?’ ‘आहे,’ ती म्हणाली आणि पिशवी पोटाशी धरली. गाडीत गार हवा होती. एका पोराने उठून जागा दिली आणि तिला त्याचाही राग आला, या सगळ्यांच्या चांगुलपणाचाच राग आला. जागा देतात, हात धरतात, रस्ता ओलांडून देतात, आणि सांगत काही नाहीत. जसं काही म्हातारं माणूस म्हणजे काचेचं भांडं, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवायचं. दुर्गेश वाईट नाही हे तिला माहीत होतं. हेच तर होतं, तो वाईट असता तर बरं झालं असतं. ऑगस्टमध्ये ती ओट्यापाशी कोसळली तेव्हा त्याने तिला उचलून चार मजले जिना उतरवला होता, लिफ्ट बंद होती, आणि उतरताना तो लहानपणी ताप चढल्यावर कण्हायचा तसा कण्हत होता. त्या जिन्यावरून तो अजून उतरलाच नाही. तेव्हापासून आई घसरू नये म्हणून त्याने तिच्या जगावर रबराची चटई अंथरली, आणि चटईखाली इंदू गेली. गाडी सीताबर्डीवरून निघाली तेव्हा खाली व्हरायटी चौकातली गर्दी दिसत होती. तिथे एकदा दोघींनी सारख्या रंगाच्या साड्या घेतल्या होत्या आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, बँडवाल्या दिसून राहिल्या. इंदू ती साडी मुद्दाम नेसायची. तिच्या अंगावर काय घातलं असेल शेवटी? हे विचारायचं नाही, मनकर्णाने ठरवलं. हे विचारलं तर रडू येईल, आणि रडू आलं की हे सगळे म्हणतील, बघा, म्हणूनच सांगितलं नव्हतं.

लकडगंजात उतरल्यावर सागाच्या भुशाचा वास आला आणि पायांना रस्ता आपोआप सापडला. आरा मशीन चालू होती. दार प्रीतीने उघडलं, इंदूच्या मुलीने. आईचं करायला पुण्याहून आलेली अजून थांबली होती. मनकर्णाला बघून ती दोन पावलं मागे सरली. मग पुढे वाकली, चेहरा चेहऱ्याजवळ आणला आणि मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, ‘काकू. मी प्री-ती. ओळखलं का? प्रीती.’

‘बहिरी नाही झाली मी,’ मनकर्णा म्हणाली. ‘तुले नाही ओळखीन? बाळंतपणात तुह्या आईजवळ मीच होती. दारातून बाजूले हो.’

प्रीती बाजूला झाली नाही. तिच्या तोंडावरून आधी आश्चर्य गेलं, मग दुसरं काहीतरी आलं. ‘तुमच्यासंग कोण आलं? एकट्याच आल्या? काकू, पण दुर्गेशदादा तर...’

‘दुर्गेशदादा तर काय?’

आत दिवाणावर महादेवराव बसले होते. मनकर्णाचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. ब्याऐंशी वर्षांचे. तिचा हात आपोआप डोक्यावर गेला, पदर पुढे आला. पन्नास वर्षं या माणसाच्या समोर ती कधी बसली नव्हती, आणि दोघे एकमेकांशी थेट एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, ‘इंदू, सांग तिले, चहात साखर कमी टाक म्हणा.’ आणि ती स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘बाई, सांगा त्यायले, साखर टाकलीच नाही.’ मधे इंदू बसलेली असायची, हसत, दोन्हीकडचं ऐकत, दोन्हीकडे पोचवत. आता मधे कोणी नव्हतं. भिंतीवर तिचा फोटो होता, हार सुकलेला. महादेवराव फोटोकडे बघत राहिले, जसं काही आता इंदूच विचारून सांगेल. मग त्यांनी मान वळवली आणि मनकर्णाकडे बघितलं, थेट, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

‘तुले समजते सगळं?’ ते म्हणाले.

‘समजते,’ ती म्हणाली, आणि पदर मागे टाकून समोरच्या खुर्चीवर बसली.

त्यांनी सांगितलं. अडखळत, मधे खोकत, प्रीती ‘बाबा, राहू द्या’ म्हणत असताना. निमोनिया झाला होता. तोंडावर मास्क लावलेला. पहिल्याच दिवशी इंदूने मास्क बाजूला करून म्हटलं, मनीले बोलवा. दुर्गेश दवाखान्यात रोज येत होता, पळापळ करत होता, औषधं त्यानेच आणली, रक्त त्याने दिलं, खोटं काहून बोलू, पोटच्या पोरावानी केलं त्यानं. पण तिले आणत नव्हता. एक दिवस काही सांगे, दुसऱ्या दिवशी काही. मग इंदू जास्तच मागे लागली तेव्हा म्हणाला, काकू, आईले आता लक्षात राहत नाही. माणसं ओळखत नाही ते. तुम्हाले पाहून ओळखलं नाही तर तुम्हालेच वाईट वाटन.

आरा मशीन बंद पडली. किंवा तिला ऐकू यायचं बंद झालं.

‘मग?’ मनकर्णाने विचारलं. ‘बाई काय म्हणाल्या?’

‘पहिल्या दिवशी म्हणाली, खोटं हाये. मनी मले विसरन काय, म्हणे, मले? दुसऱ्या दिवशीबी म्हणाली खोटं हाये.’ महादेवरावांनी हाताने गुडघा चोळला. ‘तिसऱ्या दिवसापासून विचारलं नाही तिनं.’

प्रीतीने पाण्याचा पेला आणला तो तसाच राहिला. मनकर्णाच्या डोळ्यासमोर ती तिसरी दुपार उभी राहिली. इंदू पाठीवर पडलेली, भिंतीवर घड्याळ, तीन वाजले. इकडे त्रिमूर्तीनगरात त्याच वेळी ती सोफ्यावर बसून म्हणत होती, विसरली मले, पुण्याले गेली अन् विसरली. दोघी एकमेकींबद्दल एकच गोष्ट म्हणत होत्या, सहा-सात किलोमीटरवर, एकाच वेळी, आणि दोन्ही खोट्या. आणि हे सगळं एका पोराने प्रेमापोटी केलं होतं. प्रेमापोटी! कोणी शत्रूने केलं असतं तर शाप देता आला असता.

‘मी विसरली नव्हती,’ ती म्हणाली. कोणाला, ते तिलाही कळलं नाही. फोटोकडे बघून पुन्हा म्हणाली, ‘ऐकलं का बाई, मी विसरली नव्हती.’ महादेवराव म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे रडले, तोंड उघडं टाकून, आणि तिने उठून त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. तोही पहिल्यांदाच.

प्रीती म्हणाली, मी घरी सोडून देते. तिने नको म्हटलं. ती एकटीच परतली, चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा फ्लॅटचं दार उघडंच होतं आणि उंबऱ्यात दुर्गेश, शर्ट बाहेर आलेला, हातात फोन. मागे सोनिका, तिच्या कमरेला धरून खुशी, शाळेच्या गणवेशातच.

‘आई! कोठी गेली होती तू? किती फोन केले. पोलिसात जाऊन राहिलो होतो मी. सांगून तर जायचं ना माणसाले.’

‘सांगून?’ ती म्हणाली.

आवाज तिने वाढवला नाही. पण सोनिकाची नजर खांद्यावरच्या पिशवीवर गेली आणि तिने भिंतीला हात टेकला. ‘आई, मी म्हटलं होतं त्यांना,’ ती पुटपुटली, ‘पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. ती गंजुली... कोणाला देऊन टाक म्हणाले. मला देववली नाही.’ तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. सोळा दिवस ही पोरगी घरात एक मेलेलं माणूस लपवून स्वयंपाक करत होती. मनकर्णाला तिचे केस मागे सारावेसे वाटले, पण मधे उंबरा होता.

‘आत ये ना आई,’ दुर्गेश म्हणाला. ‘बस आधी. गोळी घेतली का दुपारची? मी सगळं सांगतो. तुले त्रास होऊ नये म्हणून...’

‘बादली आण.’

‘काय?’

‘पाण्याची बादली. मी लकडगंजातून येऊन राहिली. अंघोळ केल्याबिगर घरात नाही येणार.’

‘अगं, आत न्हाणीघर आहे. गरम पाणी लावतो. इथे लिफ्टपाशी? लोकं काय म्हणतील?’

‘तू आत केली होती. चोरून. मी इथं करीन.’ ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या, पिशवीतून गंजुली काढली आणि त्याच्यापुढे धरली. ‘मग्गा नको. याच्यानं घाल.’

बादली सोनिकाने आणली. दोन्ही हातांनी उचलून, पाणी सांडत. दुर्गेशने गंजुली हातात घेतली आणि तो तसाच उभा राहिला, अंगठा नेमका त्या ठिपक्यांवर. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. खुशीने विचारलं, ‘आजी, आता सांगितलं तर चालते?’ मनकर्णा म्हणाली, ‘चालते राजा. आता पोटात नाही दुखणार.’

पहिली गंजुली डोक्यावर आली. पाणी गार होतं, टाकीचं, मानेवरून पाठीत उतरताना तिचा श्वास अडकला आणि दुर्गेश ओरडला, ‘आई, छातीत काही होते का?’ ‘होते,’ ती म्हणाली. ‘घाल.’ दुसरी. तिसरी. साडी अंगाला चिकटली, पांढऱ्या केसांतून पाणी नाकावर आलं, पायरीवरून खालच्या पायरीवर, तिथून वळणावर, आणि मग खालच्या मजल्याच्या दारापाशी गेलं असावं, कारण खालून आवाज आला, ‘अबे, वरून पाणी काहून येऊन राहिलं? कोण धुऊन राहिलं जिना?’

दुर्गेशच्या हातात गंजुली अर्धी भरलेली.

‘सांग त्यायले,’ मनकर्णा म्हणाली.

‘आई...’

‘कोण गेलं ते सांग.’

तो कठड्यापाशी गेला. त्याने खाली वाकून तोंड उघडलं. ‘आमच्याकडून येऊन राहिलं भाऊ. सुतक आहे. काकू गेली माझी.’

‘अरे रे,’ खालचा म्हणाला. ‘आज गेल्या का?’

दुर्गेशने वळून आईकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती, ओली, वाट पाहत. जिना उतरताना कण्हला होता तसा तो कण्हला, आणि खाली न बघताच म्हणाला, ‘नाही. सोळा दिवस झाले. आईले सांगितलं नव्हतं मी.’

आतल्या घड्याळात किती वाजले होते कोण जाणे, तीन तर केव्हाच होऊन गेले होते. त्याने बादलीत गंजुली बुडवली. मनकर्णाने मान पुढे केली.

‘आणखी,’ ती म्हणाली.